डुकराविषयीं नेहमीं विचारिले जाणारे प्रश्न

वाचनपाठ : लेवीय ११:१-८, मार्क ५:१-२०, मार्क ७:१४-२३, प्रेषितांचीं कृत्यें १०:९-२८, रोमकरांस पत्र १४:१३-२१.

खेड्यांतील मंडळ्यांत उपदेशकाला ज्या पशूविषयीं वारंवार विचारण्यांत येतें तो पशु डुक्कर होय. कोणी विचारतो, मोशेनें जें वर्ज्य केलें तें आम्ही कसें खावें? कोणाचा भुईमूग एका रात्रींत रानडुकरांनीं उकरलेला असतो. आणि घरांत कोणास फेफरें येऊं लागलें, म्हणजे प्रभूनें भुतें डुकरांत घालविलीं ती गोष्ट कोणी तरी काढतोच. ह्याकरितां हे प्रश्न क्रमानें घेऊन पवित्र शास्त्र काय शिकवितें व आजची विद्या काय सांगते, हें दोन्ही येथें एकत्र मांडिलें आहे. उपदेशकांनीं हा पाठ एका बैठकींत न उरकतां दोन बैठकींत शिकवावा.

प्रश्न १ : रानडुक्कर व गांवडुक्कर हीं एकच काय?

होय, दोहोंची मूळ जात एकच आहे. सुमारें ९,००० ते १०,००० वर्षांपूर्वीं मनुष्यानें रानडुक्कर धरून माणसाळविलें. हें काम तुर्कस्थानाच्या बाजूस एकदां व चीन देशांत एकदां, असें निरनिराळें झालें. म्हणूनच मोकळी फिरणारी गांवची डुकरीण व रानांतील नर ह्यांचीं पिलें होतात व तीं जगतातही. आपल्याकडील रानडुकराचा रंग काळपट असून मानेपासून पाठीपर्यंत राठ केंसांची आयाळ असते. त्याचे वरचे व खालचे सुळे एकमेकांवर घासले जाऊन धारदार राहतात. पिलांच्या अंगावर लांब पट्टे असतात, व कांहीं महिन्यांत ते नाहींसे होतात. गांवची डुकरीण सुमारें ११४ दिवसांनीं विते. पाळणारे लोक हा हिशेब तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवस असा ध्यानांत ठेवितात.

आपल्या देशांत रानडुकराची आणखी एक निराळी व फार लहान जात आहे. आसामांत मानसच्या उंच गवतांत ती राहते. तिची उंची सुमारें २५ सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षां थोडी अधिक. ही जात नष्ट झाली असें समजत होते. परंतु १९७१ सालीं ती पुनः आढळली, व १९९६ सालापासून कांहीं जनावरें जतन करून त्यांची पैदास करण्यांत येत आहे. जो पशु मनुष्यानें मेलेला समजून सोडून दिला होता, त्याला उत्पन्नकर्ता विसरला नव्हता.

प्रश्न २ : डुक्कर स्वभावानेंच घाणेरडें आहे काय?

नाहीं. मनुष्याला घाम येऊन त्याचें अंग थंड होतें. डुकराच्या अंगीं घाम सोडण्याची शक्ति फारच थोडी आहे. ह्यामुळें उन्हाच्या वेळीं तें चिखलांत लोळतें. ओला चिखल अंगाची आग शांत करितो, आणि वाळला म्हणजे ऊन व माशा ह्यांपासून कातडीचें रक्षण करितो. पुरेशी जागा दिली तर डुक्कर निजण्याची जागा व मलमूत्राची जागा वेगळी ठेवितें. मनुष्य त्याला गटारांत व उकिरड्यावर सोडून देतो आणि मग त्यालाच घाणेरडें म्हणतो. धुतलेली डुकरीण पुनः चिखलांत जाते, हा दाखला पेत्रानें आपल्या दुसऱ्या पत्रांत (२:२२) घेतला आहे खरा. परंतु तो त्यानें सत्य ओळखून पुनः पापाकडे वळणाऱ्या मनुष्यास लाविला आहे. तेथें डुकराचा न्याय चाललेला नाहीं.

प्रश्न ३ : मग मोशेच्या नियमशास्त्रांत तें अशुद्ध कां?

नियमशास्त्रानें खूण अशी दिली आहे कीं, ज्या पशूचा खूर दुभंगलेला आहे व जो रवंथ करितो तो खावा. डुकराचा खूर दुभंगलेला असतो, परंतु त्याचें पोट गाईसारखें चार भागांचें नसल्यामुळें तें रवंथ करीत नाहीं. कित्येक म्हणतात कीं, डुकराच्या मांसांत जंत असतात म्हणून मोशेनें तें मना केलें. परंतु शास्त्रांत असें कारण दिलेलें नाहीं. आणि त्याच यादींत उंट व ससा हेही आहेत. शास्त्रानें दिलेलें कारण त्याच अध्यायाच्या शेवटीं आहे, तें असें कीं, देव पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीं इतरांपासून वेगळें असावें. जेवणाच्या ताटावरही ती वेगळेपणाची खूण होती.

पुढें ह्या खुणेला रक्ताची किंमत पडली. इसवी सनापूर्वीं १६७ च्या सुमारास सूरियाचा राजा अंतियोख एपिफानेस ह्यानें यरुशलेमांतील मंदिर भ्रष्ट केलें व यहूदी लोकांवर डुकराचें मांस खाण्याची सक्ति केली. तें न खातां मरण पत्करणारे पुष्कळ निघाले. पेत्रानें जेव्हां आकाशांतून उतरलेल्या चादरींतील पशु पाहून नको म्हटलें, तेव्हां ह्या सर्व पिढ्यांची निष्ठा त्याच्या मुखांतून बोलत होती. ह्यास्तव जे आजही हें मांस वर्ज्य मानितात त्यांस आपण हंसूं नये.

प्रश्न ४ : ख्रिस्ती मनुष्यानें डुकराचें मांस खावें कीं नाहीं?

बाहेरून पोटांत जाणारें अन्न मनुष्यास अपवित्र करीत नाहीं, असें प्रभूनें शिकविलें, आणि ह्यायोगें त्यानें सर्व अन्न शुद्ध ठरविलें असें मार्क लिहितो. यरुशलेमांतील सभेनेंही (कृत्यें १५) अन्यजातींतून आलेल्या शिष्यांवर डुकराविषयीं कांहीं बंधन घातलें नाहीं. तेव्हां खाण्यास मोकळीक आहे, व न खाण्यासही तितकीच मोकळीक आहे.

परंतु ह्या मोकळिकीचा आपल्या खेड्यांत दोन तऱ्हांनीं दुरुपयोग होतो. कोठें कोठें नव्या विश्वासणाऱ्यापुढें हें मांस ठेवून, तें खाल्लें तरच तूं खरा ख्रिस्ती, अशी त्याची परीक्षा पाहतात. ही परीक्षा ख्रिस्तानें लावून दिलेली नाहीं. ज्याचें मन घेत नाहीं त्याला खावयास लावणें म्हणजे त्याच्या विवेकबुद्धीस जखम करणें होय, असें पौल रोमकरांस सांगतो. दुसरीकडे, जे चार बुकें शिकले व नोकरीस लागले, ते डुकरें पाळणाऱ्या घराचें पाणी पिण्यास कचरतात आणि प्रभुभोजनाच्या वेळीं त्या भावापासून दूर बसतात. डुकरें पाळतो तो हलका, ही गांवाची जुनी शिवी आहे. ती वेशीबाहेर ठेवावयाची सोडून आपण मंदिरांत घेऊन आलों, तर बाप्तिस्म्यानें आपलें काय धुतलें? तसेंच शेजारीं मुसलमान बंधु राहत असतील, तर त्यांस पंक्तीस बोलावून त्यांच्या नकळत हें मांस वाढणें ही मोकळीक नव्हे, विश्वासघात होय.

प्रश्न ५ : डुकराचें मांस खाल्ल्यानें डोक्यांत किडा होऊन फेफरें येतें, हें खरें काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ह्याचें अर्धें उत्तर सर्वांस ठाऊक असतें, व उरलेल्या अर्ध्याच्या अज्ञानानें माणसें दगावतात. उपदेशकांनीं हा भाग फळ्यावर चित्र काढून समजवावा.

डुकराच्या मांसांत कधीं कधीं साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गांठी असतात. त्या एका चपट्या जंताच्या अळ्या होत. असें मांस कच्चें अथवा अर्धें शिजलेलें खाल्लें, तर मनुष्याच्या आंतड्यांत तो जंत वाढतो. त्याची लांबी २ ते ७ मीटरपर्यंत होते. पुष्कळदां रोग्याला कांहींच त्रास वाटत नाहीं. परंतु त्या जंताचीं हजारों अंडीं त्या मनुष्याच्या विष्ठेंतून बाहेर पडत असतात. तो मनुष्य उघड्यावर शौचास बसला, व डुकरानें ती घाण खाल्ली, म्हणजे डुकराच्या मांसांत पुनः गांठी होतात. असें हें चक्र आहे.

आतां उरलेलें अर्धें ऐका. तींच अंडीं न धुतलेल्या हातांनीं, कच्च्या भाजीपाल्यावरून अथवा पाण्यांतून मनुष्याच्या तोंडांत गेलीं, तर गांठी मनुष्याच्याच अंगांत होतात. स्नायूंत होतात, डोळ्यांत होतात, आणि मेंदूंतही होतात. मेंदूंत गांठ झाली म्हणजे फेफरें येतें. ह्याचा अर्थ असा कीं, मेंदूंतील गांठ ताटांतल्या मांसांतून थेट येत नाहीं. ती मनुष्याच्या विष्ठेंतून येते. म्हणून ज्यानें जन्मांत मांसाला शिवलें नाहीं त्यासही ती होऊं शकते.

ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९० व १९९१ ह्या सालांत अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं कर्मठ यहूदी वस्तींतील चार जणांच्या मेंदूंत ह्याच गांठी सांपडल्या. त्यांचा परस्परांशीं नातेसंबंध नव्हता, व डुकराचें मांस तर त्यांस सर्वथा वर्ज्य. डॉक्टरांनीं शोध केला, तेव्हां घरांत कामास असलेल्या कोणा माणसाच्या आंतड्यांत तो जंत असावा व त्याच्या हातून अंडीं अन्नांत गेलीं असावीं, असें अनुमान निघालें. नियमशास्त्र अक्षरशः पाळूनही जें टळलें नाहीं, तें साबण व पाणी ह्यांनीं टळण्यासारखें होतें.

जेथें हा रोग मुळावला आहे अशा पुष्कळ प्रदेशांत फेफऱ्याच्या सुमारें ३० टक्के रोग्यांचा ह्या गांठींशीं संबंध असतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला हिंदुस्थान अशा देशांपैकीं आहे. गोव्यांत पूर्वीं संडासाखालीं डुकरें सोडण्याची चाल होती. आपल्या कित्येक खेड्यांत संडास नसल्यामुळें परिणाम तोच होत आला.

मार्काच्या सातव्या अध्यायांतील प्रभूचें शिक्षण अंतःकरणाविषयीं आहे. जंतांविषयीं म्हणून त्याचा अर्थ ओढूं नये. तरी इतकें खरें कीं, ह्या रोगांतही आपण दोष बाहेरच्या पशूवर टाकितों, आणि तो निघतो माणसाच्याच वागणुकींत.

उपाय चार आहेत, आणि चारही गरीबाच्या हातचे आहेत. (१) संडासाचा उपयोग सर्वांनीं, लहान मुलांसुद्धां, करावा. (२) शौचानंतर, स्वयंपाकापूर्वीं व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे, आणि कच्ची भाजी चांगल्या पाण्यानें धुवावी. (३) मांस आंतपर्यंत शिजवावें. लालसर राहिलेलें खाऊं नये. गांठी दिसल्या तर तें टाकून पुरावें. (४) डुकरें मोकळीं न सोडतां कोंडवाड्यांत पाळावीं.

प्रश्न ६ : प्रभूनें भुतें डुकरांत घालविलीं. मग फेफरें येणाऱ्यास भूत लागलें असें समजावें काय?

असें समजण्याचा अधिकार आपणांस नाहीं. मत्तय ४:२४ वाचून पाहा. तेथें भूतग्रस्त व फेफरेकरी अशीं दोन वेगवेगळीं नांवें आहेत. एका मुलाच्या गोष्टींत (मत्तय १७) दोन्ही एकत्र आलीं आहेत, हें खरें. पण तें प्रभूनें ओळखिलें. भगतानें, शेजाऱ्यानें किंवा उपदेशकानें केवळ झटका पाहून तसें ठरवूं नये.

झटका आला असतां रोग्याला मारूं नये, धूर देऊं नये, जोडा किंवा कांदा हुंगवूं नये, व तोंडांत चमचा अथवा पाणी घालूं नये. जवळचे दगड व विस्तव दूर करावा, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, व त्यास एका कुशीवर वळवावें. झटका ५ मिनिटांपेक्षां अधिक टिकला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीं दुसरा आला, तर ताबडतोब दवाखान्यांत न्यावें. डॉक्टर मेंदूचें छायाचित्र काढून गांठ आहे कीं नाहीं तें पाहतात. औषध पुष्कळ दिवस घ्यावें लागतें. बरें वाटलें म्हणून तें मध्येंच सोडूं नये. आणि जंतांचें औषध दुकानांतून आणून रोग्यास आपल्या मनानें देऊं नये, कारण मेंदूंतील गांठ एकदम मरूं लागली म्हणजे भोंवतीं सूज येऊन जीव धोक्यांत पडतो. प्रार्थना अवश्य करावी. पण ती दवाखान्याच्या वाटेवर करावी, वाट अडवून करूं नये.

गरसेकरांच्या गोष्टींतील शेवट पुष्कळ जण वाचतच नाहींत. सुमारें २,००० डुकरें समुद्रांत बुडालीं. जो थडग्यांत राहून स्वतःला ठेंचून घेत असे, तो कपडे घालून शुद्धीवर बसला होता. गांवकरी आले, त्यांनीं दोन्ही पाहिलें, आणि प्रभूला निघून जाण्याची विनंति केली. त्यांनीं डुकरें मोजलीं. माणूस परत मिळाला हें मोजलें नाहीं. आपल्या गांवांत फेफरें येणाऱ्या मुलीला शाळेंतून काढतात, तिला पंक्तीस घेत नाहींत, औषधाचा खर्च कशाला म्हणून टाळतात. तेव्हां आपणही गरसेकरांचेंच गणित करितों.

प्रश्न ७ : जो डुकरें पाळतो त्यानें काय संभाळावें?

प्रामाणिकपणें व स्वच्छतेनें केलेला हा धंदा लाजेचा नाहीं. कोंडवाडा घरापासून व विहिरीपासून दूर असावा. खरकटें घालावयाचें तर उकळून घालावें. डुकरांच्या जुन्या तापावर लस आहे. ती पशुवैद्याकडून टोंचून घ्यावी. आफ्रिकेंतला दुसरा ताप २०२० सालीं आपल्या देशांत प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेश येथें आढळला. त्यावर इलाज नाहीं. तो मनुष्यास होत नाहीं, परंतु कळपच्या कळप नाहींसे करितो. डुकरें एकामागून एक मरूं लागलीं तर मेलेलीं जनावरें ओढ्यांत न टाकतां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. भातशेतीच्या प्रदेशांत डांस डुकराच्या रक्तांतून मेंदूज्वराचें एक विष मुलांपर्यंत नेतात. म्हणून तेथें मच्छरदाणी वापरावी, व सरकार लस देत असेल तेथें मुलांस ती द्यावी. २००९ सालीं पुण्यांत ज्या तापानें हाहाकार उडविला त्याला डुकराचें नांव पडलें होतें, पण तो माणसाच्या खोकल्यांतून माणसास होत असे. मांस खाल्ल्यानें होत नसे.

प्रश्न ८ : रानडुकरें पीक खातात. त्यांस मारावें काय?

हें दुःख जुनें आहे. रानांतील डुक्कर द्राक्षमळ्याची नासधूस करितें, असें स्तोत्रकर्त्यानेंही (स्तोत्र ८०) गाऱ्हाणें केलें आहे. ऊस, मका, भुईमूग, रताळीं, भात, कशाचीही तीं गय करीत नाहींत. आणि जितकें खातात त्याहून अधिक तुडवितात. तरी रानांत त्यांचें काम आहे. तीं जमीन उकरितात, मेलेलें खाऊन टाकितात, आणि वाघ-बिबळ्यांस भक्ष्य होतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें वनखात्याच्या परवानगीवांचून रानडुक्कर मारणें हा गुन्हा आहे. पिकाची नासाडी झाली तर विलंब न लावितां वनखात्याकडे अर्ज करावा, व पंचनामा होईपर्यंत शेत तसेंच ठेवावें. महाराष्ट्रांत अशी नुकसानभरपाई मिळते. वाचतां न येणाऱ्यास अर्ज लिहून देणें हें उपदेशकाचें काम आहे, असें आम्ही समजतों.

परंतु कुंपणांत विजेच्या तारेचा प्रवाह सोडणें आणि खाण्यांत स्फोटक ठेवणें, हीं दोन कृत्यें कोणत्याही ख्रिस्ती मनुष्यानें करूं नयेत. तारेला डुक्कर लागेल तसा पाणी द्यावयास निघालेला शेजाऱ्याचा मुलगाही लागेल. २०२० सालीं केरळांत एक गाभण हत्तीण तोंडांत स्फोटक फुटून मेली. तें स्फोटक रानडुकरांसाठीं ठेविलें असावें असें दिसून आलें. जो खड्डा खणून उघडा ठेवितो, त्यानें त्यांत पडलेल्या बैलाचा मोबदला द्यावा, असा नियम निर्गम २१ मध्यें आहे. बैलाविषयीं देव इतका हिशेब मागतो, तर माणसाविषयीं किती मागेल!

मळ्यांत माळा घालून पाळीपाळीनें राखण करणें, भक्कम कुंपण घालणें, व जमल्यास सौर कुंपण लावणें, हे उपाय बरे. योग्य यंत्र असलेलें सौर कुंपण क्षणभराचा धक्का देऊन पळवितें, मारीत नाहीं. विधवेच्या शेतावर मंडळींतील तरुणांनीं रात्रीं राखण केली, तर तो उपदेश साऱ्या गांवाला ऐकूं जाईल.

प्रश्न ९ : वाटेंत रानडुक्कर भेटलें तर?

तें सहसा आपण होऊन अंगावर येत नाहीं. पिलांसह असलेली मादी, जखमी झालेलें अथवा कोंडींत सांपडलेलें जनावर मात्र मुसंडी मारतें. त्याची पळण्याची वाट मोकळी ठेवावी, पिलें व मादी ह्यांच्यामध्यें जाऊं नये, कुत्रीं सोडूं नयेत. जखम झाली तर १५ मिनिटें साबण व पाणी ह्यांनीं धुवून त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. धनुर्वाताची व पिसाळण्याच्या रोगाची लस घेण्याविषयीं तेथें विचारावें.

मननासाठीं प्रश्न

१. आपल्या मंडळींत खाण्यापिण्यावरून कोणास खालीं बसविलें जातें काय? त्याविषयीं रोमकरांस पत्र १४ काय सांगतें?

२. आपल्या गांवांत फेफरें येणारे किती जण आहेत? त्यांतील कोणास दवाखाना दाखविला नाहीं? ह्या आठवड्यांत त्यांच्याबरोबर कोण जाईल?

३. मंदिराच्या आवारांत संडास व हात धुण्याची सोय आहे काय? नसल्यास पुढील पंचकमेटीच्या सभेंत हा विषय कोण मांडील?

४. गरसेकरांप्रमाणें कोणत्या नुकसानीच्या भीतीनें आपण प्रभूला दूर जावयास सांगतों?